अंगठ्यातली धून

 

आज आम्ही बोलणार आहोत गिटारविषयी. हा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच एका मावशींनी विचारलं, "अगं, गिटार म्हणजे शहरातल्या पोरांचं वाद्य. आपल्या बायांना त्याचं काय?" आम्ही म्हटलं, "मावशी, एक तुकडा लावतो, गाणं ओळखा." आधी काचेच्या ग्लासाची किणकिण झाली, मग गिटारच्या तारा वाजल्या. गाण्याचा एक शब्दही आला नव्हता, तोवर मावशी म्हणाल्या, "हे तर 'चुरा लिया है तुमने'! आमच्या लग्नाच्या आधीचं गाणं आहे हे."

बघा, म्हणजे मावशींना गिटार ओळखीची होती. तिचं नाव तेवढं त्यांनी कधी घेतलं नव्हतं.

गाण्याच्या सुरुवातीला किंवा मधे मधे परत येणारा असा एखादा छोटा तुकडा असतो. गिटार वाजवणारे त्याला 'रिफ' म्हणतात. शब्द विसरले तरी तो विसरत नाही. ढोलकीवर थाप पडली की लावणी येणार हे कळतं, टाळ-पखवाजाचा ठेका ऐकला की पाय आपोआप दिंडीकडे वळतात, तसंच हे. गाण्याची ओळखच त्या तुकड्यात असते.

'चुरा लिया' हे गाणं 'यादों की बारात' या सिनेमातलं. साल १९७३. गायलं आशा भोसले आणि मोहम्मद रफी यांनी, संगीत राहुल देव बर्मन यांचं. पडद्यावर गिटार आहे झीनत अमानच्या हातात. पण ती ऐकू येते ती वाजवली होती भूपिंदर सिंग यांनी. हे तेच भूपिंदर, जे पुढे गझल आणि सिनेमाची गाणी गाणारे गायक म्हणून नावाला आले. 'दम मारो दम'मधली गिटारही त्यांचीच. त्या काळात रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, गीतकाराचं असे. वाद्य वाजवणाऱ्याचं नाव बहुधा नसे. म्हणजे ज्या तुकड्यावरून आपण गाणं ओळखतो, तो तुकडा कोणाच्या हातचा, हेच आपल्याला कोणी सांगितलेलं नसतं.

हे ऐकून मावशींनी पुढचा प्रश्न विचारला, आणि आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नातूनच निघालं. त्या म्हणाल्या, "पडद्यावर बाईच्या हातात गिटार, वाजवणारा पुरुष. मग बाईनं स्वतः वाजवलेलं आणि सगळ्या जगानं शिकलेलं असं काही आहे की नाही?"

आहे. आज आम्ही अशा दोघींची गोष्ट सांगणार आहोत. दोघी अमेरिकेतल्या, दोघी गावाकडच्या साध्या घरांतल्या. दोघींच्या वाजवण्यात एक गोष्ट सारखी होती. धून त्यांच्या अंगठ्यात होती.

याची मौज कळायला गिटार कशी वाजते ते आधी पाहू. गिटारला सहा तारा असतात. जाड तारांमधून खर्जाचा, घुमणारा आवाज येतो आणि बारीक तारांमधून उंच आवाज येतो. उजव्या हाताचं माणूस गिटार मांडीवर घेतं, तेव्हा तिची लांब दांडी डाव्या हाताला येते. डावा हात दांडीवर तारा दाबतो, उजवा हात त्या छेडतो. जाड तारा वरच्या बाजूला, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हनुवटीकडे असतात आणि बारीक तारा खाली असतात. त्यामुळे अंगठा जाड तारांवर पडतो आणि बोटं बारीक तारांवर. बोटांनी छेडून वाजवणारे बहुतेकजण अंगठ्यानं ठेका धरतात आणि बोटांनी धून काढतात. पखवाजाची एक बाजू घुमते आणि दुसरी खणखणते, तशी ही वाटणी आहे.

पहिल्या बाईनं ही वाटणी उलटी केली. तिचं नाव मेबेल कार्टर. जन्म १९०९ सालचा, व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगराळ भागातला. मेबेल आणि सारा या नात्यानं बहिणी, आणि दोन भावांच्या घरी लग्न झाल्यामुळे पुढे जावा-जावा. साराचा नवरा ए. पी. कार्टर याला गाणी गोळा करण्याचा नाद होता. १९२७ च्या ऑगस्ट महिन्यात एक रेकॉर्ड कंपनी ब्रिस्टल या गावात गाणी ध्वनिमुद्रित करायला आली, तेव्हा हे तिघं तिथं गेले. मेबेल होती १८ वर्षांची, दिवस भरत आलेली गर्भार बाई. तशीच गाडीत बसून, कच्च्या रस्त्यांनी ती गेली आणि गिटार वाजवून आली.

सारा गायची आणि तारांचं एक छोटं वाद्य वाजवायची. बाकी वाजवणारं कोणी नव्हतं. म्हणजे ठेकाही मेबेललाच सांभाळायचा आणि गाण्याची चालही तिलाच वाजवायची. मग तिनं काय केलं? चाल अंगठ्यानं जाड तारांवर वाजवली, आणि तिच्या मधल्या जागा भरायला बोटानं बारीक तारांवर ठेक्यात फटकारे मारले. एक गिटार, पण ऐकणाऱ्याला वाटे दोन वाजताहेत. एका हातानं पोळी लाटत दुसऱ्या हातानं तव्यावरची उलटणाऱ्या आपल्याला हे चटकन समजेल. १९२८ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'वाइल्डवुड फ्लॉवर' या गाण्यात तिचं हे वाजवणं ठळक ऐकू येतं. या पद्धतीला लोक 'कार्टर स्क्रॅच' म्हणू लागले. तिथल्या गावाकडच्या संगीतात गिटार शिकणारं पोर आजही ते गाणं शिकतं.

आणखी एक गोष्ट रेडिओवाल्या म्हणून आम्हाला सांगावीशी वाटते. कार्टर मंडळींचा आवाज लांबवर पोचला तो रेडिओमुळे. १९३८ पासून ते मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका फार ताकदवान रेडिओ केंद्रावरून गाऊ लागले. त्या केंद्राचा आवाज शेकडो मैल लांबच्या शेतांवरच्या घरांत ऐकू जाई. तिथं बसून कित्येक मुलांनी मेबेलचा अंगठा कानानं ऐकूनच शिकून घेतला.

मेबेलला घरचा आधार होता, रेकॉर्डवर घराण्याचं नाव होतं. दुसऱ्या बाईला यातलं काहीच नव्हतं. म्हणून तिची गोष्ट आम्ही जरा सावकाश सांगतो.

तिचं नाव एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३ सालचा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कारबरो या गावी. ती काळ्या वर्णाची. अमेरिकेत काळ्या माणसांची गुलामगिरी कायद्यानं संपली १८६५ साली, म्हणजे तिच्या जन्माआधी जेमतेम २८ वर्षं. गुलामी संपली होती, पण गरिबी आणि वेगळी वागणूक संपली नव्हती. पाच भावंडांत ती धाकटी. शाळा लहानपणीच सुटली आणि ती गोऱ्या लोकांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाकात मदत असली कामं करू लागली.

घरात मोठ्या भावाचं बँजो नावाचं वाद्य होतं. भाऊ कामाला गेला की ही ते गुपचूप काढून वाजवी. पुढे भाऊ घर सोडून गेला आणि वाद्यही त्याच्याबरोबर गेलं. मग पोरीनं ठरवलं, आपलं स्वतःचं घ्यायचं. घरकामाचे तिला महिन्याला एखाद्या डॉलरच्या आतबाहेर मिळत. त्यातून तिनं पैसे साठवले आणि ३ डॉलर ७५ सेंटला एक गिटार विकत आणली. तेव्हा ती ११ वर्षांच्या आसपास होती. बायांनो, महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकून वस्तू घेणं म्हणजे काय, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको. आपण बहुतेक वेळा पैसे साठवतो ते घरासाठी, पोरांसाठी. या पोरीनं साठवले स्वतःच्या आनंदासाठी.

ती डावखुरी होती. डावखुरी माणसं एरवी गिटारच्या तारा काढून उलट क्रमानं लावून घेतात. हिला ते दाखवणारं कोणी नव्हतं. तिनं गिटार तशीच उलटी धरली. दांडी उजव्या हातात, छेडायला डावा हात. त्यामुळे तारांचा क्रमच उलटा झाला. बारीक तारा वर आल्या, जाड खाली गेल्या. मग अंगठा पडला बारीक तारांवर आणि बोटं पडली जाड तारांवर. बोटं खर्जात झुलता ठेका देऊ लागली आणि धून काढू लागला अंगठा. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. अडचणीतून वाट काढता काढता एक नवीच रीत तयार झाली. पुढे लोकांनी त्या रीतीला तिचंच नाव दिलं, 'कॉटन पिकिंग'. सरळ हातानं वाजवणाऱ्या भल्याभल्यांना तो गोडवा आणायला आजही मेहनत पडते.

तिच्या घराजवळून रेल्वे जायची. त्या गाड्यांचा आवाज ऐकत, ११-१२ वर्षांच्या वयात तिनं एक गाणं रचलं, 'फ्रेट ट्रेन', म्हणजे मालगाडी. गाण्यात एक जीव मालगाडीतून कुठं तरी दूर निघालेला आहे, आणि आपण कोणत्या गाडीनं गेलो हे कोणाला कळू नये असं त्याला वाटतं. घरकाम करणाऱ्या एवढ्याशा पोरीला दूर जावंसं का वाटलं असेल, ते आपण समजू शकतो. त्या गाण्यातली गिटार ऐकली की चाकांचा ठेका ऐकू येतो आणि त्यावर अंगठ्यानं काढलेली साधी, गोड धून.

(कार्यक्रमात या ठिकाणी 'फ्रेट ट्रेन'मधली गिटार ऐकवली होती.)

आता गोष्टीतला अवघड भाग. १७ व्या वर्षी तिचं लग्न झालं. मुलगी झाली. घर, मूल आणि लोकांच्या घरची कामं सुरू झाली. त्याच सुमारास चर्चमधल्या मंडळींनी तिला सांगितलं, असली दुनियादारीची गाणी सोड, देवाची भक्ती आणि ही गाणी एकत्र चालणार नाहीत. तिनं गिटार ठेवून दिली. चर्चमध्ये क्वचित कधी वाजवली असेल तेवढीच. एक-दोन वर्षं नव्हे, पंचवीसहून अधिक वर्षं.

हे वाचून दाखवताना आमच्यात थोडी शांतता झाली. कारण आमच्यातही अशा आहेत. एक बाई माहेरी भजनात पेटी वाजवायच्या. सासरी आल्यावर "सुनेनं चारचौघांत पेटी वाजवायची नाही" असं ठरलं. भांडण नाही, मारझोड नाही. नुसतं ठरलं, आणि पेटी राहिली. आम्ही त्यांना विचारलं, "आता बोटं चालतील का हो?" त्या नुसत्या हसल्या.

एलिझाबेथबाईंचं काय झालं ते ऐका. मुलीचं लग्न झाल्यावर त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या आणि १९४० नंतरच्या काळात वॉशिंग्टन शहरात मुलीकडे राहायला आल्या. तिथं एका मोठ्या दुकानात बाहुल्यांच्या विभागात त्या काम करत. एक दिवस दुकानात एक लहान मुलगी आईपासून चुकली. त्यांनी तिला शोधून आईच्या हवाली केलं. ती मुलगी होती पेगी सीगर आणि तिची आई रूथ क्रॉफर्ड सीगर. ओळख झाली आणि त्यातून बाई त्यांच्या घरी स्वयंपाक, इस्त्री अशा कामांना जाऊ लागल्या.

आता योगायोग पाहा. हे सीगर कुटुंब म्हणजे संगीतात बुडालेलं घर. रूथबाई स्वतः संगीतकार. रेकॉर्डवरची लोकगीतं ऐकून ती कागदावर उतरवणं हे त्यांचं काम. लहान मुलांसाठी त्यांनी अमेरिकी लोकगीतांचं पुस्तक १९४८ साली काढलं. म्हणजे पुढच्या खोलीत गावोगावची गाणी गोळा होत होती, आणि ज्या बाईच्या पोटात असं गाणं होतं ती आत स्वयंपाकघरात होती. कोणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या घरात मुलांची गिटार स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगलेली असे. एक दिवस कोणी नाही असं पाहून बाईंनी ती खाली काढली आणि वाजवली. पोरांनी ऐकलं. घरातली कामवाली बाई उलट्या हातानं, अंगठ्यानं धून काढत 'फ्रेट ट्रेन' वाजवत होती. एवढ्या वर्षांत हातानं सगळंच टाकून दिलं नव्हतं. काही विसरलं होतं, पण वाजवता वाजवता एकेक गाणं परत आलं.

पेगीचा भाऊ माइक सीगर यानं त्यांच्याच घरी जाऊन, टेपचं यंत्र लावून त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्याची रेकॉर्ड निघाली १९५८ साली. बाईंचं वय तेव्हा ६५. पुढे त्या माइकबरोबर रंगमंचावर बसून वाजवू लागल्या. पण रेकॉर्ड निघाली म्हणून लगेच पैसा आला नाही. त्यानंतरही अनेक वर्षं त्या घरकाम करतच होत्या.

दरम्यान एक वेगळीच गोष्ट घडली होती. पेगी मोठी झाल्यावर इंग्लंडला गेली आणि तिथं तिनं 'फ्रेट ट्रेन' गायलं. लोकांना ते आवडलं. १९५७ साली तिथल्या एका मंडळीनं त्याची रेकॉर्ड काढली आणि ती खूप गाजली. पण त्या रेकॉर्डवर गाणं रचणारे म्हणून भलत्यांचीच नावं होती. ज्या बाईनं लहानपणी मालगाडीचा आवाज ऐकत गाणं रचलं, ती वॉशिंग्टनमध्ये लोकांचे कपडे इस्त्री करत होती आणि तिचं गाणं दुसऱ्याच्या नावावर जमा झालं होतं. सीगर कुटुंबानं ही बाजू लावून धरली आणि पुढे गाण्यावर एलिझाबेथ कॉटन हे नाव लागलं, हक्क मिळाला.

मैत्रिणींनो, सातबारावर नाव नसलं की काय होतं ते आपण जाणतो. घाम आपला आणि नोंद दुसऱ्याची. गाण्याचंही तसंच असतं. गाणं हवेत विरून जाणारी वस्तू वाटते, पण त्यालाही मालक असतो आणि त्याचेही पैसे असतात.

आम्हाला त्यांचं आणखी एक गाणं आवडतं, 'शेक शुगरी'. ते बाईंनी आपल्या पतवंडांना जवळ घेऊन तयार केलं. एकेका पोरानं आपापलं कडवं जोडलं. घरातली एकेक वस्तू गहाण पडत चालली आहे असं त्या गाण्यात आहे, पण चाल रडकी नाही, हसरी आहे. १९६० नंतरच्या दशकात ते ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा गायली त्यांची बारा वर्षांची पणती, ब्रेंडा, आणि पणजीबाईंनी साथीला गिटार वाजवली. एकीनं ओवी टाकायची आणि दुसरीनं पुढची जोडायची, हे आपल्या जात्यावरही असंच चालायचं.

गाण्यांच्या मिळकतीतून बाईंनी म्हातारपणी सिरॅक्यूज या गावी स्वतःचं घर घेतलं. १९८५ साली त्यांना ग्रॅमी हा अमेरिकेतला संगीताचा मोठा पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या ९२ वर्षांच्या होत्या. १९८७ साली त्या गेल्या. शेवटपर्यंत गिटार उलटीच धरत होत्या.

हे सगळं झाल्यावर आमच्या मावशी म्हणाल्या, "आपल्याकडे अंगठा म्हटला की बँकेतला शाईचा ठसा आठवतो. या बायांनी अंगठ्यानं काय काय केलं बघा." आम्हाला ते बोलणं फार पटलं. आपल्यातल्या कितीतरी जणी गटात आल्या तेव्हा अंगठा लावत होत्या, मग सही शिकल्या. कारण ठसा उमटवून काम भागत असलं, तरी कागदावर नाव आपलं आपण लिहिलेलं बरं असतं. एलिझाबेथबाईंच्या अंगठ्यात धून पहिल्यापासून होती. नाव लागायला मात्र पन्नास वर्षं लागली.

आपल्या महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं मोठं काम झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नातून गावागावांतल्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांच्या कामातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही की ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गावही लिहिलं गेलं. नुसतं 'पारंपरिक' असं लिहून भागवलं नाही.

म्हणून जाता जाता गटातल्या सगळ्यांना आमचं एक सांगणं आहे. पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर दहा मिनिटं काढा. एकमेकींना विचारा, तुला काय वाजवता यायचं, कोणतं गाणं तू स्वतः रचलंस, कोणती चाल तुझ्या आईची. जिला गावंसं वाटेल तिला गाऊ द्या. तिला चालत असेल तर मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. पण गाणं सुरू व्हायच्या आधी तिला स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि तारीख म्हणायला सांगा. गाणं दुसरीकडून शिकलेलं असेल तर जिच्याकडून शिकली तिचंही नाव घ्यायला सांगा. आणि ते कोणाला पाठवायच्या आधी तिला विचारा. एवढं केलं तरी गाणं भलत्याच्या नावावर जाणार नाही.

आणि पेटी ठेवून दिलेल्या आमच्या त्या बाई? आम्ही हे बोलणं तयार करत होतो तेव्हा केंद्रातली पेटी कोपऱ्यात होती. आम्ही कागद आवरत असताना त्यांनी ती जवळ ओढली, भाता हलवून पाहिला आणि एक स्वर दाबून धरला. मग दुसरा. अभंगाची पहिली ओळ पुरी झाली नाही, मधेच अडखळली. त्या म्हणाल्या, "उद्या परत बघते." आम्ही पेटी कोपऱ्यात ठेवली नाही, टेबलावरच राहू दिली.